बुद्धांची मैत्रीभावना आणि आपली श्रद्धा

गावात मयत झाले की आपण सगळे धावून जातो. ही आपल्या धर्मग्रामांची जुनी आणि फार चांगली रीत आहे. अंगणात खुर्च्या मांडल्या जातात, कोणी चहापाण्याचे पाहते, संध्याकाळी रोझरीला घर भरून जाते. अडचण येते ती बोलण्याची. तरुण मुलगा गेलेल्या आईसमोर उभे राहून काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही आणि मग ठरलेली वाक्ये तोंडातून बाहेर पडतात. 'देवाची इच्छा.' 'देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.' 'ज्याने क्रूस दिला तोच बळ देईल.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण त्या आईच्या मनात काय उमटत असेल? देवाला माझेच लेकरू हवे होते का? अशा प्रसंगानंतर कोणी दोन-तीन महिने मिस्साला दिसेनासे झाले की आपण म्हणतो, दुःखाने त्यांची श्रद्धा डळमळली. काही वेळा ती आपल्या सांत्वनाने डळमळलेली असते.

दुःखी माणसाजवळ कसे बसावे आणि त्याच्यावर माया कशी करावी, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी आपण भगवान बुद्धांच्या शिकवणीकडे वळणार आहोत.

हे आपल्याला चालते का?

काही वाचकांच्या मनात इथेच शंका येईल. आपल्याकडे शुभवर्तमान असताना दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ख्रिस्तसभेनेच दिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बौद्ध धर्माचा तर नाव घेऊन उल्लेख आहे: या बदलत्या जगाचे अपुरेपण त्याने मुळापासून ओळखले आहे, असे परिषद म्हणते. ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन असल्याचे घोषित करणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे, हेही त्याच परिच्छेदात येते. दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या आहेत. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ च्या पत्रात व्हॅटिकनने पौर्वात्य ध्यानपद्धतींविषयी सावध केले, पण उपयुक्त ते घेण्याची मोकळीकही ठेवली. ख्रिस्ती प्रार्थनेचे मूळ रूप झाकोळता कामा नये, एवढी अट घातली. १९९५ पासून तर दरवर्षी वेसाकच्या निमित्ताने, म्हणजे आपण ज्याला बुद्धपौर्णिमा म्हणतो त्या सणाला, व्हॅटिकनकडून बौद्ध बांधवांना संदेश जातो.

आपल्यासाठी हा धर्म परदेशीही नाही. वसईच्या शेजारच्या सोपाऱ्याला बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तिथे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. हा लेख काय सांगतो? पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. त्यात साधूंना भेटायचे, वृद्धांची विचारपूस करून त्यांना मदत द्यायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्या आपल्या सेवकांना हे वाचून ओळखीचे वाटेल.

दुःख आहे, हे आधी मान्य करणे

सारनाथच्या पहिल्या उपदेशात बुद्धांनी चार आर्यसत्ये सांगितली. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते म्हणजे तृष्णा, त्याचा अंत होऊ शकतो, आणि तिथवर नेणारा आठ अंगांचा मार्ग आहे. पहिल्या सत्यात जन्म, म्हातारपण, मरण तर येतेच. पण नावडत्या माणसांशी गाठ पडणे, आवडत्यांची ताटातूट होणे, हवे ते न मिळणे हेही येते. पुष्कळांना हे निराशेचे तत्त्वज्ञान वाटते. आम्हांला ते डॉक्टरच्या बोलण्यासारखे वाटते. चांगला डॉक्टर रोग नाकारत नाही आणि रोग्याला भलते धीराचे शब्दही देत नाही. आधी काय झाले आहे ते सांगतो.

किसा गोतमीची कथा अनेकांनी ऐकली असेल. तिचे बाळ दगावले. ते छातीशी धरून ती औषध मागत दारोदार फिरत होती. बुद्धांनी तिला सांगितले, मूठभर मोहरी आण, मात्र ती ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातली हवी. ती घराघरांत गेली. मोहरी सगळीकडे होती, पण मरण न पाहिलेले घर नव्हते. शेवटी तिने बाळाला मूठमाती दिली आणि ती परत आली. या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बुद्धांनी तिला प्रवचन दिले नाही. त्यांनी तिला शेजाऱ्यांच्या घरांत पाठवले, आणि प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी तिला आपले गेलेले माणूस सांगितले असणार. तिचे सांत्वन झाले ते इतरांचे दुःख ऐकून.

आता बेथानीला या. येशूच्या पाया पडून रडणाऱ्या मारियाला त्याने काही समजावले नाही. तो स्वतः रडला. लाजरसाला आपण उठवणार हे ठाऊक असूनही रडला. मग त्याने त्याला कबरेतून बाहेर बोलावले. गोतमीला बाळ परत मिळाले नाही, मार्था-मारियाला भाऊ मिळाला. हा फरक लहान नाही, तो पुसून टाकून दोन्ही धर्म एकच आहेत असे म्हणणे हा दोघांचाही अनादर होईल. आपली आशा पुनरुत्थानाची आहे. पण आपल्या गावातल्या त्या आईला मुलगा आज परत मिळणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंतचे सगळे दिवस तिला काढायचे आहेत. त्या दिवसांसाठी गोतमीची मोहरी उपयोगी पडते.

खरे तर पवित्र ग्रंथातही दुःखाची हीच मोकळी कबुली आहे. आपण तिकडे कमी पाहतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे देवाकडे उघड तक्रार करतात. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. आठव्या दिवशी ते बोलू लागले आणि शेवटी देवाला त्यांना दटावावे लागले.

दुसरा बाण

पाली ग्रंथांत आणखी एक दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा बाण मनाचा: शोक, चरफड, हाय खाणे. शहाण्या शिष्यालाही पहिला बाण लागतोच. दुसऱ्यापासून तो स्वतःला वाचवू शकतो.

दृष्टान्तात दुसरा बाण माणसाच्या स्वतःच्याच मनातून येतो. आपल्याकडे तो मारायला शेजारीपाजारी आणि नातेवाईकही तयार असतात. 'कोणाची तरी नजर लागली.' 'आजोबांनी जमिनीच्या वाटणीत भावाला फसवले होते, ते आता फिटते आहे.' 'चर्चला यायचा नाही ना, मग?' कॅन्सर हा पहिला बाण. ही वाक्ये दुसरा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. तरीही हा प्रश्न आपल्या ओट्यांवर अजून विचारला जातो.

इथे आपल्या भक्तीविषयीही थोडे बोलायला हवे. दुःख हेच पवित्र, जितके जास्त सोसावे तितका देव जवळ, असा एक समज आपल्यात आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस आहे' असे सांगितले जाते, तेव्हा हा समज पापाला पाठीशी घालतो. बुद्धांची शिकवण इथे आपल्याला भानावर आणते: दुःख हा रोग आहे, तो बरा करायचा आहे. येशूनेही एकाही रोग्याला रोग जपून ठेवायला सांगितले नाही. गेथशेमानेच्या बागेत त्याने तो प्याला दूर व्हावा अशीच प्रार्थना केली. मग त्याने तो स्वीकारला, तो पित्यावरच्या आणि आपल्यावरच्या प्रेमासाठी. क्रूसाला मोल आले ते त्या प्रेमाने. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या 'साल्विफिची दोलोरिस' या पत्रात ख्रिस्ती माणसापुढे दोन कामे ठेवली आहेत: आपल्या सोसण्यातून भले करणे आणि सोसणाऱ्यांचे भले करणे. आपण पहिले वाचतो आणि दुसरे विसरतो.

तृष्णेविषयी मात्र आपले म्हणणे थोडे वेगळे आहे. संत ऑगस्टीनला माणसाच्या अस्वस्थतेत देवाची ओढ दिसली. ही ओढ आपण विझवत नाही, ती योग्य दिशेला वळवतो. पण जमीन, पैसा, मानपान यांची तहान माणसाला कशी पोखरते, हे बुद्धांनी जितके बारकाईने पाहिले तितके थोड्याच गुरूंनी पाहिले असेल.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. आपले बहुतेक बौद्ध शेजारी त्या दीक्षेचे वारस आहेत. त्यांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक धाडसी प्रश्न आहे: चार आर्यसत्ये बुद्धांच्या मूळ शिकवणीतलीच आहेत का? जन्म, जरा, मरण हेच दुःख असेल तर माणसाला आशा कुठे उरते, असे त्यांना वाटले. माणसाने माणसावर लादलेले दुःख त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही त्याला 'तृष्णा सोड' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आपल्या 'देवाची इच्छा'लाही हाच प्रश्न लागू पडतो. गटाराचे झाकण उघडे राहून मूल बुडाले तर ती नगरपालिकेची हयगय आहे. तिथे देवाचे नाव पुढे करू नये.

मैत्रीचा सराव

बौद्ध परंपरेत मनाच्या चार थोर भावना सांगितल्या आहेत: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. चौथा शब्द वाचून मराठी माणूस दचकेल, कारण आपल्याकडे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. मूळ पाली 'उपेक्खा'चा अर्थ समतोल मन असा आहे, जे स्तुतीने फुगत नाही आणि निंदेने खचत नाही.

पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्यातला एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक भावनेचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. दूरचा सहज ओळखू येतो. जवळचा मित्राच्या वेषात येतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, जवळचा आसक्ती. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरपणा, जवळचा शोक, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात आपणच इतके बुडून जाणे की त्यानेच आपले सांत्वन करावे. समतोलाचा जवळचा शत्रू म्हणजे बेफिकिरी, ज्याला आपली मराठी सरळ उपेक्षाच म्हणते. पापनिवेदनाआधी विवेकबुद्धीची तपासणी करताना आपण दूरचेच शत्रू मोजतो: रागावलो का, खोटे बोललो का. मुलावरचे माझे प्रेम कितपत प्रेम आहे आणि कितपत माझाच हट्ट आहे, हे आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात आनंद मानणे. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर शोक करावा, असे पौलाने रोमकरांस सांगितले आहे. यातला रडण्याचा भाग आपल्याला बरा जमतो. शेजाऱ्याने बंगला बांधला, त्याच्या मुलीला परदेशात नोकरी लागली, की पहिल्या भागाची परीक्षा होते.

बुद्धांची माया बोलण्यापुरती नव्हती. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याचा इतरांना काही उपयोग नव्हता, म्हणून बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी सगळ्यांना सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा दिवस आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही. तिथे राजा आणखी पुढे जातो: आजारी माणसासाठी जे केले ते प्रत्यक्ष त्याच्यासाठीच केले असे तो म्हणतो. देव मनुष्य झाला, यावर आपला विश्वास आहे म्हणून आपण हे म्हणू शकतो.

सांकवाळची दोन माणसे

गोव्याच्या सांकवाळ गावाशी दोन माणसांची नावे जोडलेली आहेत. पहिले संत जोसेफ वाझ. १६५१ साली बाणावलीला आजोळी जन्मले, वडिलांच्या गावी सांकवाळला वाढले. डच सत्तेने कॅथलिकांवर बंदी घातलेल्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ते लपून गेले. १६९२ साली कँडीला पोहोचताच हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पण तिथला राजा विमलधर्मसूर्य दुसरा, जो बौद्ध होता, त्याने पुढे त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने काम करू दिले. ख्रिस्ती डचांनी हाकललेल्या कॅथलिकांना बौद्ध राजाने आसरा दिला, हे आपण आपल्या मुलांना सांगायला हवे. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना सोडून पळत होते. तेव्हा जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ दे कार्व्हालो यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, कोण कोणत्या धर्माचा हे न पाहता.

दुसरे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, सांकवाळ. बुद्धांच्या ओढीने घर सोडून निघालेला हा माणूस त्याच सिलोनला जाऊन पाली शिकला आणि त्याने बुद्धांची शिकवण सोप्या मराठीत आणली. वर उल्लेखलेल्या 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातही गेले होते. एकाच गावातून एक जण ख्रिस्त घेऊन त्या बेटावर गेला आणि दुसरा तिथून बुद्ध घेऊन आला.

दोन धर्मांचे हे नाते नेहमीच गोड राहिले असे नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पुस्तकात बौद्ध मुक्तिविचाराला जवळजवळ पूर्णपणे नकारात्मक म्हटले होते. त्यामुळे जानेवारी १९९५ मध्ये जोसेफ वाझ यांना धन्यवादित घोषित करण्यासाठी ते कोलंबोला गेले, तेव्हा प्रमुख बौद्ध भिक्षूंनी त्यांच्याबरोबरच्या सभेवर बहिष्कार घातला. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात वाझ यांना संतपद दिले आणि त्याच दौऱ्यात ते एका बौद्ध विहारातही जाऊन आले.

आपल्या प्रार्थनेत

मैत्रीभावनेचा सराव बौद्ध लोक क्रमाने करतात. आधी स्वतःचे भले चिंतायचे, मग जिवलग माणसाचे, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर अशाचे, शेवटी वैऱ्याचे. स्वतःपासून सुरुवात हे ऐकायला स्वार्थी वाटते. पण शेजाऱ्यावर प्रेम करायचे ते स्वतःसारखे, हीच आपलीही आज्ञा आहे. त्यात आपण एक भर घालतो. देवाने माझ्यावर आधी प्रेम केले, तिथून आपली सुरुवात होते. मैत्रीच्या सुत्तात, आई एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते तसे सर्व प्राण्यांविषयी मन असावे, असे सांगितले आहे. यशया संदेष्टा सांगतो की एखादे वेळी आईही विसरेल, देव विसरणार नाही. एकाकडून आपण काम घ्यावे, दुसऱ्याकडून ते करण्याचे बळ.

रात्रीच्या रोझरीत हे सहज बसते. पहिले रहस्य स्वतःसाठी. दुसरे घरातल्या लाडक्या माणसासाठी. तिसरे रोज दिसणाऱ्या पण नाव माहीत नसलेल्या कोणासाठी, भाजीवालीसाठी, लोकलमध्ये समोर बसणाऱ्यासाठी. चौथे आजारी किंवा दुःखी माणसासाठी, आणि त्याला सल्ला देण्याची घाई न करता. पाचवे रहस्य ज्याच्याशी बांधावरून, भिंतीवरून किंवा जुन्या शब्दावरून बोलणे बंद आहे त्याच्यासाठी, त्याचे नाव घेऊन. पहिले काही दिवस त्या नावापाशी जीभ अडखळेल. अडखळू द्यावी, आणि पुढचा मणी घ्यावा.